विलायतेच्या बागा : फाटक कोणी उघडले?

विलायतेहून परतलेला माणूस आपल्याला राजवाड्याचे, टेम्स नदीवरच्या पुलाचे आणि मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याचे फोटो दाखवतो. ही ठिकाणे पाहायलाच हवीत. पण राजवाड्याच्या आत जायचे तर तिकीट पडते, आणि पौंडाचे रुपये करून पाहिले की कष्टकरी माणसाचा हात खिशातच राहतो.

आज आपल्या समाजातील मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडच्या विद्यापीठांत शिकत आहेत. कोणी तिथल्या इस्पितळात नर्स आहे, कोणी कंपनीत नोकरीला आहे. त्यांच्यामागोमाग कधी आई, कधी वडील महिना-दोन महिन्यांसाठी जाऊन येतात. मुले सकाळी कामाला गेली की या वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो. परक्या शहरात, भाषा येत नसताना, पैसा न खर्चता दिवस घालवायचा कुठे?

त्यांना माझे सांगणे एकच. बागेत जा. इंग्लंडच्या शहरांत बहुतेक सार्वजनिक बागांना तिकीट नाही. फाटकावर कोणी नाव, गाव, धंदा विचारत नाही. हिरवळीवर पाय टाकला म्हणून शिपाई शिट्टी मारत नाही. घरून नेलेला डबा उघडून चार माणसे खुशाल गोल करून जेवली तरी कोणी वळून पाहत नाही. खारी पायाशी येतात, तळ्यात बदके आणि राजहंस असतात, मुलांसाठी झोपाळे व घसरगुंड्या असतात, आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला पावलापावलावर बाक असतो.

मात्र आत शिरताना एक प्रश्न मनात ठेवावा. हे फाटक कोणी उघडले? कारण ते पहिल्यापासून उघडे नव्हते. ते उघडण्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात राजांपेक्षा गिरणी कामगार, सह्या करणारी सामान्य माणसे आणि फावडे चालवणारे हात यांचा वाटा मोठा आहे.

कुलूप आणि किल्ली

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बागा नव्हत्या असे नाही. लंडनच्या श्रीमंत वस्त्यांत घरांच्या मधोमध सुंदर चौकोनी बागा होत्या. पण त्यांच्याभोवती लोखंडी गज होते, फाटकाला कुलूप होते आणि किल्ली फक्त भोवतालच्या घरवाल्यांकडे असे. अशा किल्लीच्या बागा लंडनमध्ये आजही आहेत. बेलग्रेव्ह स्क्वेअरला गेलात तर गजांतून आतली झाडे दिसतील, पण आत जाता येणार नाही. प्रसिद्ध रीजंट्स पार्कसुद्धा सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते १८३५ साली, आणि तेही सुरुवातीला आठवड्यातले दोनच दिवस.

खेड्यांतली सामाईक कुरणे जमीनदारांनी कायदे करून आपल्या कुंपणात घेतली होती. पोटासाठी माणसे गिरण्यांच्या शहरांत आली. तिथे धूर, एकाला एक चिकटलेल्या खोल्या, उघडी गटारे आणि रोगराई. १८३३ साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीने याची चौकशी केली. वाढत्या शहरांत कष्टकरी लोकांना सुटीच्या दिवशी मोकळ्या हवेत पाय टाकायला जागा उरलेली नाही, असे तिला दिसले आणि सार्वजनिक फिरण्याच्या जागा कराव्यात अशी शिफारस तिने केली. समितीतल्या पुढाऱ्यांच्या मनात कळवळा होता तसा हिशेबही होता. कामगार दारूच्या गुत्त्यात बसण्यापेक्षा बायकामुलांसह बागेत फिरला तर बरा, असे त्यांना वाटे. हेतू काहीही असो, चर्चा सुरू झाली.

डर्बी : आठवड्यातले दोन दिवस

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बी नावाचे शहर आहे. तिथे जोसेफ स्ट्रट या कापड कारखानदाराने १८४० साली अकरा एकरांची एक बाग गावाला दिली. ज्या लोकांच्या कष्टांवर आपली संपत्ती उभी राहिली त्यांच्या भल्यासाठी तिचा काही भाग खर्च केला नाही तर तो कृतघ्नपणा ठरेल, अशा अर्थाचे उद्गार त्याने त्या वेळी काढले. मालकाच्या तोंडी असे शब्द तेव्हाही दुर्मिळ होते आणि आजही आहेत.

बागेची आखणी जॉन क्लॉडियस लाउडन या तज्ज्ञाने केली. त्याने या बागेची जणू शाळाच केली. सुमारे हजार जातींची झाडे-झुडपे लावून प्रत्येकाची ओळख पटावी अशी व्यवस्था केली. जागा लहान होती म्हणून वाटांच्या मधे मातीचे उंचवटे रचले. त्यामुळे पलीकडच्या वाटेवरची माणसे दिसत नाहीत आणि छोटी बागही मोठी वाटते. ते उंचवटे अजून तिथे आहेत.

पण ही बागही रोज फुकट नव्हती. रविवार आणि बुधवार हे दोन दिवस मोफत, बाकीचे दिवस पैसे. बाग राखायला पैसा लागतो हे कारण होते. सगळे दिवस सर्वांना मोफत व्हायला १८८२ साल उजाडले. म्हणजे बाग दान मिळूनही फाटक पूर्ण उघडायला बेचाळीस वर्षे लागली.

वर्गणी आणि कर

डर्बीहून उत्तरेला मँचेस्टर लागते. कापडगिरण्यांची ही राजधानी. इथे बागांसाठी सभा झाल्या, वर्गणी गोळा झाली, आणि २२ ऑगस्ट १८४६ या एकाच दिवशी तीन बागा उघडल्या. मँचेस्टरमध्ये क्वीन्स पार्क व फिलिप्स पार्क, आणि शेजारच्या सॅल्फर्डमध्ये पील पार्क. तिन्ही आजही आहेत.

पुढच्याच वर्षी, १८४७ च्या एप्रिलमध्ये, लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे बर्कनहेड पार्क खुले झाले. याचे महत्त्व वेगळे आहे. ही ना राजाची बाग होती, ना शेठजीचे दान. संसदेकडून कायदा मंजूर करून घेऊन स्थानिक मंडळाने सार्वजनिक पैशातून जमीन घेतली. दलदलीची ती जमीन पाणी काढून कोरडी केली. सुमारे सव्वाशे एकर बागेसाठी ठेवून कडेचे भूखंड घरांसाठी विकले. आखणी जोसेफ पॅक्सटनची. जे सार्वजनिक पैशातून उभे राहते ते सर्वांचे असते, हे तत्त्व महाडच्या १९२७ च्या संग्रामामुळे आपल्या घराघरात माहीत आहे. बर्कनहेडला ते तत्त्व झाडे, तळी आणि पायवाटांच्या रूपाने पाहायला मिळते.

१८५० साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा तरुण अमेरिकन तिथे आला. गावातल्या एका पाववाल्याने त्याला आग्रह केला की आमची नवी बाग पाहिल्याशिवाय जाऊ नका. बाग पाहून तो थक्क झाला. गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच उपभोगता येणारी अशी लोकांची बाग लोकशाही म्हणवणाऱ्या अमेरिकेतही नाही, असे त्याने लिहून ठेवले. पुढे १८५८ साली याच ओल्मस्टेडने कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या शहरात शिकले, त्या शहराच्या मोठ्या बागेचे मूळ असे एका इंग्रज गावातल्या सार्वजनिक बागेत आहे.

गिरण्या बंद, फावडी चालू

मँचेस्टरजवळच ओल्डहॅम आहे. तिथले अलेक्झांड्रा पार्क पाहताना मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला आपल्या घरातली गोष्ट ऐकल्यासारखे वाटेल.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या मळ्यांतून येणारा कापूस थांबला. तो कापूस गुलामांच्या घामावर पिकत असे. लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लाखो कामगार रस्त्यावर आले. गिरणीमालकांनी हिंदुस्थानातला कापूस मागवला. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला, भाव भडकले आणि मुंबईचे व्यापारी रातोरात गबर झाले. तिकडच्या कामगारांनी या कापसाला सरसकट ‘सुरत’ हे नाव दिले. त्याचा धागा आखूड, सारखा तुटणारा. मजुरी कामावर मोजली जाई, म्हणून धागा तुटला की कामगाराचा पगारही तुटे. एकाच कापसाने मुंबईत पेढ्या भरल्या आणि लँकेशायरमध्ये चुली विझवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले तेव्हा मुंबईचा तो फुगाही फुटला.

बेकारांना काम देण्यासाठी १८६३ साली कायदा झाला. नगरपालिकांना कर्ज मिळाले आणि त्यातून रस्ते, गटारे व बागा यांची कामे निघाली. ओल्डहॅमचे अलेक्झांड्रा पार्क अशा बेकार गिरणी कामगारांनी खणले. ते १८६५ साली उघडले. बोल्टन आणि प्रेस्टन या गावांतल्या बागांचाही इतिहास असाच आहे. सूत हाताळणारी ती बोटे कुदळ-फावड्याला सरावलेली नव्हती. हातांना फोड आले असतील, पाठी मोडल्या असतील. आज त्या उतारांवर मुले चेंडू खेळतात. संपाच्या, टाळेबंदीच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांनी ही बाग जरूर पाहावी.

याच बागेत जोसेफ होवर्थ नावाच्या एका आंधळ्या दवंडीवाल्याचा पुतळा आहे. सेनापती आणि सरदारांचे पुतळे सगळीकडेच असतात. रस्त्यावर घंटा वाजवून पोट भरणाऱ्या अंध माणसाचा पुतळा गावाने उभारावा, हे पाहून मन भरून येते.

बर्मिंगहॅम : नाव न लावणारी बाई

बर्मिंगहॅममध्ये पाचशेहून अधिक बागा व मोकळ्या जागा आहेत. त्यांतली कॅनन हिल पार्क ही बाग लुईसा रायलंड या अविवाहित, श्रीमंत बाईने १८७३ साली शहराला दिली. जमीन दिली, बाग तयार करण्याचा खर्चही दिला, पण बागेला आपले नाव देऊ दिले नाही. दान देऊन फलक मोठा लावणाऱ्यांनी हा धडा घेण्यासारखा आहे.

याच शहरातल्या हँड्सवर्थ पार्कच्या परिसरात पंजाबी आणि वेस्ट इंडियन कष्टकरी कुटुंबे वसली. कारखान्यांत, फौंड्रीत राबून त्यांनी संसार उभे केले. या बागेत वैशाखीचा मेळा भरत आला आहे. ढोल वाजतो, लंगरात जेवण वाटले जाते, आणि शेजारचा गोरा म्हातारा पुरी-भाजीची थाळी घेऊन बाकावर बसतो. बागेचे खरे काम हे आहे. ज्यांच्या घरी आपण कधी जाणार नाही त्यांच्याशेजारी बसायला ती जागा देते.

ज्यांना माती हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी तिथे आणखी एक सोय आहे. तिला अलॉटमेंट म्हणतात. तिथली नगरपालिका, म्हणजे कौन्सिल, थोड्या वार्षिक भाड्याने भाजीपाल्यासाठी वाफा देते. पूर्ण वाफा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा असतो. १९०८ च्या कायद्याप्रमाणे परिसरातील सहा मतदारांनी मागणी केली तरी कौन्सिलला तिची दखल घ्यावी लागते. आज यादीत नाव लावून पुष्कळ थांबावे लागते, पण ज्यांना वाफा मिळाला त्या आपल्याकडच्या बाया तिथल्या थंडीतही मेथी-कोथिंबीर पिकवून दाखवतात.

पूर्व लंडन : तीस हजार सह्या

आता लंडनला जाऊ. शहराचा पूर्व भाग म्हणजे गोदी कामगार, शिंपी, चांभार आणि विणकरांची वस्ती. १८३९ साली विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने तिथल्या मृत्यूंचा हिशेब मांडून सांगितले की इथे एखादी बाग झाली तर कितीतरी मरण टळेल. १८४० साली तिथल्या तीस हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज राणी व्हिक्टोरियाकडे गेला. श्रीमंत पश्चिम लंडनला बागा आहेत, आम्हाला का नाहीत? प्रश्न साधा होता आणि उत्तर टाळता येण्यासारखे नव्हते.

पैसा कसा उभा राहिला ते ऐकण्यासारखे आहे. राजघराण्याच्या मालमत्तेतला यॉर्क हाउस हा वाडा एका ड्यूकला ७२,००० पौंडांना दिला गेला, आणि त्या रकमेतून कामगार वस्तीसाठी जमीन घेतली. १८४५ साली लोक या बागेत फिरू लागले. नाव व्हिक्टोरिया पार्क, पण वस्तीने तिला ‘लोकांची बाग’ म्हटले. घरात न्हाणीघर नसलेली पोरे तिच्या तळ्यात अंघोळीला येत. रविवारी इथे भाषणे होत. विल्यम मॉरिस आणि ॲनी बेझंट यांनी इथे कामगारांपुढे भाषणे केली.

३० एप्रिल १९७८ रोजी याच बागेत वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड संगीत सभा झाली. ट्रफाल्गर चौकातून मोर्चा चालत आला. गोरे, काळे, आशियाई असे हजारो तरुण एकत्र उभे राहिले. आणि त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, इथून जवळच व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बंगाली तरुणाचा कामावरून घरी जाताना खून झाला. तो शिवणकामाच्या कारखान्यात मजूर होता. मारेकऱ्यांशी त्याचे भांडण नव्हते. त्याचा रंग हाच त्याचा गुन्हा. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसे त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेली. त्यानंतर पूर्व लंडनचे आशियाई लोक मान खाली घालून चालेनासे झाले.

तो जिथे पडला त्याच्याजवळच्या लहानशा बागेला १९९८ साली अल्ताब अली पार्क हे नाव मिळाले. बाग तळहाताएवढी आहे. गवत, जुन्या चर्चच्या पायाच्या खुणा, एका कोपऱ्यात ढाक्याच्या शहीद मिनाराची प्रतिकृती. दुपारी कामगार तिथे डबा खातात. लंडनमध्ये मोठमोठ्या बागा आहेत, पण एका मजुराच्या नावाची ही बाग पाहिल्याशिवाय परत येऊ नका.

तिथून पश्चिमेला पोस्टमन्स पार्क लागते. जवळच्या टपाल कचेरीतले कर्मचारी दुपारी इथे बसत म्हणून हे नाव पडले. जी. एफ. वॉट्स या चित्रकाराच्या कल्पनेतून १९०० साली इथे एक भिंत उभी राहिली. दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांची नावे तिच्यावरच्या फरशांवर आहेत. त्यांत ॲलिस एअर्स ही मजुराची मुलगी आहे. १८८५ साली घराला आग लागली तेव्हा तिने खिडकीतून गादी टाकून बहिणीच्या तीन मुलींना खाली सोडले. ती स्वतः मात्र वाचली नाही.

हाइड पार्क : कोसळलेले गज

हाइड पार्क सर्वांना माहीत असते. तिथे रविवारी कोपऱ्यावर उभे राहून कोणीही भाषण करतो हेही ऐकलेले असते. पण हा हक्क कसा आला? २३ जुलै १८६६ रोजी कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून इथे सभा होणार होती. सरकारने बंदी घालून फाटके बंद केली. लोटलेल्या गर्दीच्या रेट्याने लोखंडी गज हलले आणि कोसळले. माणसे आत शिरली. पुढच्याच वर्षी, १८६७ साली, शहरांतल्या पुष्कळ कामगारांना मत मिळाले. १८७२ च्या कायद्याने बागेत सभांना वाट मिळाली. आज तिथल्या भाषणांत शहाणपण किती आणि करमणूक किती हा भाग सोडा, जागा मात्र लढून मिळालेली आहे.

प्रिमरोझ टेकडी आणि एक घर

आपल्या वाचकांचे पाय साहजिकच वळतात ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घराकडे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास, ग्रेज इनमधले कायद्याचे शिक्षण आणि ग्रंथालयांतले अखंड वाचन असा तो काळ. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. ते लोकांसाठी स्मारक म्हणून खुले ठेवण्यावरून तिथे परवानगीचा वाद झाला. अपिलात, मार्च २०२० मध्ये, निकाल स्मारकाच्या बाजूने लागला. म्हणजे या घराचे दारही सहजासहजी उघडे राहिलेले नाही.

घर पाहून झाले की बहुतेक मंडळी फोटो काढून गाडी पकडतात. तसे करू नका. काही मिनिटे चालत गेले की प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. १८४२ साली कायदा करून ही जागा लोकांसाठी राखली गेली, नाहीतर तिच्यावरही इमारती चढल्या असत्या. उंची फार नाही, साठ-पासष्ट मीटर. हळूहळू चढले तर सत्तरीची आजीही वर पोहोचते. वरून सेंट पॉलच्या घुमटापर्यंत सारे लंडन दिसते. समोर उंच इमारत उठून हा देखावा झाकला जाऊ नये यासाठी नियम आहेत. डोळ्यांना दिसणारी दूरवरची रेषाही सार्वजनिक मालमत्ता असू शकते, हा विचार मला फार आवडला.

ग्रेज इनच्या आवारातही जुनी बाग आहे. ती वकिलांच्या संस्थेची खासगी बाग, पण कामाच्या दिवसांत दुपारी काही वेळ लोकांसाठी उघडतात. तिथे जायचे तर वेळ आधी विचारून जावे.

बॅटरसी : नदीकाठी बुद्ध

लंडनच्या दक्षिण तीरावर बॅटरसी पार्क आहे. पूर्वी इथे पाणथळ शेते होती. गोदी खणताना निघालेली माती आणून भर घातली आणि १८५८ साली बाग उघडली. या बागेत, अगदी टेम्सच्या काठावर, शांती स्तूप उभा आहे. जपानच्या निप्पोन्झान म्योहोजी संघाचे भिक्खू, भिक्खुणी आणि स्वयंसेवक यांनी तो हातांनी बांधला. १९८५ च्या मे महिन्यात तो पूर्ण झाला. हिरोशिमा-नागासाकीच्या संहारानंतर जगभर शांती स्तूप बांधण्याचे काम या संघाचे संस्थापक निचिदात्सू फुजी यांनी हाती घेतले. आपल्याकडे राजगीरच्या डोंगरावरचा १९६९ चा स्तूप त्यांचाच. लंडनचा स्तूप पुरा होण्याच्या काही महिने आधी, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

स्तूप तेहतीस मीटरांहून उंच आहे. चार दिशांना सोनेरी मूर्ती आहेत. जन्म, संबोधी, धम्मोपदेश आणि महापरिनिर्वाण. पायऱ्यांवर बसले की समोर नदी, मागे झाडे. धावायला आलेला तरुण क्षणभर थांबून वर पाहतो, शाळकरी मुले पायऱ्या मोजतात. कोणी हात जोडतो, कोणी सँडविच खातो. कोणालाच हटकले जात नाही.

आज काय?

सारे गोड आहे असे समजू नये. इंग्लंडमध्ये बागा राखणे हे कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक काम नाही. २०१० नंतर खर्चकपात झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी माळी कमी झाले, शौचालयांना कुलपे लागली, फुलांच्या वाफ्यांत गवत माजले. २०१७ साली संसदेच्या समितीलाच या धोक्याचा इशारा द्यावा लागला. आता अनेक बागांसाठी रहिवाशांनी ‘मित्रमंडळे’ काढली आहेत. सुटीच्या दिवशी हातमोजे घालून ही माणसे कचरा वेचतात, रोपे लावतात आणि कौन्सिलच्या बैठकीत जाऊन भांडतातही.

२०२० च्या टाळेबंदीत बागेची किंमत सर्वांना कळली. ब्रिटनमध्ये आठातल्या एका घराला स्वतःचे अंगण नाही, लंडनमध्ये पाचातल्या एकाला नाही. इंग्लंडमधल्या काळ्या लोकांना गोऱ्यांच्या तुलनेत अंगण नसण्याचे प्रमाण जवळजवळ चौपट आहे. ही त्याच वर्षीची सरकारी आकडेवारी. मार्च २०२० मध्ये व्हिक्टोरिया पार्कचे फाटक काही दिवस बंद झाले, तेव्हा खोल्यांत कोंडलेल्या कुटुंबांवर काय बीतली असेल ते आपल्या वस्तीतल्या माणसाला सांगायला नको. दोन आठवड्यांहून थोड्या अधिक काळाने, एप्रिलमध्ये, ते पुन्हा उघडले.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मार्च-एप्रिलमध्ये पिवळी डॅफोडिल, जूनमध्ये गुलाब आणि ऑक्टोबरमध्ये रंग बदललेली पाने पाहावीत. रीजंट्स पार्कमधल्या क्वीन मेरीज गार्डनमध्ये सुमारे बारा हजार गुलाबाची झाडे आहेत. ऊन असले तरी छत्री बरोबर असू द्या. पाण्याची बाटली घरून न्या. काही बागा अंधार पडताच बंद होतात, फाटकावरची वेळ मुलांकडून वाचून घ्या. कुत्री मोकळी फिरतात, घाबरून पळू नका. बाकांवर लहान पाट्या दिसतील. गेलेल्या आईच्या, नवऱ्याच्या नावाने घरच्यांनी तो बाक दिलेला असतो. बसण्याआधी नाव वाचावे.

आणि तिथे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना एक विनंती. आईवडील आले की त्यांना दुकाने दाखवाच, पण एक दिवस बागेसाठी ठेवा. त्यांना सांगा की हे फाटक तीस हजार सह्यांनी उघडले, ही वाट बेकार विणकरांनी खणली. जमले तर आपल्या बागेच्या मित्रमंडळात नाव घाला. फाटक एकदा उघडले म्हणजे कायमचे उघडे राहते असे नाही. आत जाणारी आणि राखणारी माणसे असली तरच ते उघडे राहते.